‘पर्शियन’, ‘ट्रिपल कोट’ आणि ‘अप्रभावी’: मांजराच्या केसांविषयीचे शब्द

प्रश्न: आखूड केसांच्या गावठी मांजरीच्या एका वेतात एखादे पिल्लू लांब केसांचे आणि झुपकेदार शेपटीचे निघाले, तर त्याला ‘पर्शियन’ म्हणणे बरोबर आहे का? जाहिरातींत अतिशय दाट केसांसाठी दिसणाऱ्या ‘ट्रिपल कोट’ला मराठीत काय म्हणावे? आणि लांब केस ‘अप्रभावी’ असतात म्हणजे नेमके काय?

उत्तर: ‘पर्शियन’ हे एका जातीचे नाव आहे, आपल्याकडे मात्र ते लांब केसांच्या कोणत्याही मांजराला सर्रास लावले जाते. मेन कून, नॉर्वेजियन फॉरेस्ट, रॅगडॉल, टर्किश अंगोरा या सगळ्या लांब केसांच्या वेगळ्या जाती आहेत. सयामीची लांब केसांची बहीण बालिनीज आणि अ‍ॅबिसिनियनची सोमाली. म्हणून अशा पिल्लाला ‘लांब केसांचे’ किंवा सुटसुटीतपणे ‘लांबकेशी’ म्हणावे. केसांवरून वंशावळ ठरवू नये.

याचे कारण आनुवंशिकीत आहे. केसाची वाढ कधी थांबवायची याचा इशारा देणारे एफजीएफ-५ नावाचे जनुक प्रत्येक मांजरात असते. त्या जनुकाचे काम बिघडले की इशारा उशिरा मिळतो, वाढीचा टप्पा लांबतो आणि केस लांब होतात. त्यामुळे ‘लांब केसांचे जनुक’ हा प्रयोगही मला सदोष वाटतो, कारण जनुक तेच असते, फरक त्याच्या रूपात असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशी चार बिघडलेली रूपे नोंदवली गेली. त्यांपैकी एक पर्शियनसह बहुतेक लांबकेशी जातींत आढळते, तर उरलेली नॉर्वेजियन फॉरेस्ट, रॅगडॉल आणि मेन कून अशा मोजक्याच जातींत सापडली. पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. आईकडून एक आणि बापाकडून दुसरेच बिघडलेले रूप आले, तरीही पिल्लू लांबकेशीच होते, कारण चालू स्थितीतली प्रत त्याच्याजवळ एकही नसते.

आता ‘अप्रभावी’. रोजच्या मराठीत ‘औषध अप्रभावी ठरले’ असे आपण म्हणतो, म्हणून हा शब्द ऐकताच दुबळेपणा मनात येतो, आणि ‘पर्शियनचे रक्त अप्रभावी असते’ अशी वाक्ये तयार होतात. ती चुकीची आहेत. ‘अप्रभावी’ हे विशेषण मांजराचे किंवा जातीचे नसून जनुकाच्या एका रूपाचे आहे, आणि तेही दुसऱ्या रूपाच्या तुलनेत. एक प्रत धड असली की वाढ वेळेवर थांबते, म्हणून आखूड केस प्रभावी. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच लांब केस दिसतात, म्हणून ते अप्रभावी. एकच बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या आखूड केसांच्या मांजराला ‘वाहक’ म्हणतात. दोन वाहकांच्या प्रत्येक पिल्लात लांब केस येण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रश्नातील गावठी मांजर बहुधा अशीच वाहक असणार, आणि तिचा नरही निदान वाहक असलाच पाहिजे. उलट, आई-बाप दोघेही लांबकेशी असताना एखादे पिल्लू आखूड केसांचे झाले, तर बाप दुसरा असण्याची शंका रास्त ठरते. मांजरीच्या एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

‘ट्रिपल कोट’ हा विक्रीतला शब्द आहे, जनुकाची तिसरी पायरी नव्हे. पर्शियनचे केस मेन कूनपेक्षा दाट आणि मऊ दिसतात, ते पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे. मराठीत ‘दाट केसांची’ एवढे पुरे.

पुरवणी: ‘लव’ हा शब्द इथे फार उपयोगी पडतो. पर्शियनच्या कुशीतले केस बोटांनी विंचरून बाजूला केले, तर वरच्या लांब केसांखाली कातडीलगत मऊ, बारीक लव दाट माजलेली दिसते. काखेत आणि पोटाखाली ही लव गुंतून तिच्या जटा होतात. टर्किश अंगोराला अशी आतली लव जवळजवळ नसते, त्यामुळे लांब केस असूनही गुंता कमी होतो. ‘अंगोरा’ हे अंकाराचे जुने नाव. शेळी, ससा आणि मांजर या तिन्ही लांबकेशी प्राण्यांना ते लागले, आणि १९९४ साली प्रयोगशाळेतल्या उंदरांमधील ‘अंगोरा’ हा लांब केसांचा प्रकारही याच एफजीएफ-५ जनुकाच्या बिघाडातून होतो असे सिद्ध झाले. ‘लोकर’ मात्र मेंढी, शेळी आणि सशापुरती ठेवावी. मांजराच्या बाबतीत ‘केस’ आणि ‘लव’ हेच शब्द वापरावेत.