लेकीचे घट्ट कुरळे केस आणि साबांचा ग्रीसचा डबा

अटलांटाची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, इथे कुणाला अनुभव असेल की नाही माहीत नाही पण विचारून बघते. मी मूळची सांगलीची, नवरा ब्लॅक अमेरिकन, आम्ही अटलांटाला असतो. लेक साडेपाच वर्षांची आणि तिचे केस पूर्ण बाबाच्या घराण्यावर गेलेत. कुरळे म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे कुरळे नव्हेत, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी बारीक घट्ट वेटोळी, ओढली तर खांद्याखाली येतात, सोडली की परत कानाशी. इकडे त्याला ४सी टाइप म्हणतात.

माझं केसांचं ज्ञान म्हणजे रविवारी आजीने खोबरेल थापून शिकेकाईने न्हाऊ घालायचं आणि सोमवारी शाळेसाठी डोळे ताणले जातील अशा दोन वेण्या, बास. त्यामुळे लेक झाल्यावर साबांनी (सासूबाईंनी) जे दिलं ते मी मुकाट घेतलं. त्यांनी दिलाय हेअर ग्रीसचा डबा. व्हॅसलीनसारखं घट्ट, पिवळसर, वास थेट जुन्या सलूनचा. नवरा, दोन्ही नणंदा, सगळे त्याच्यावरच वाढलेत आणि नणंदांचे केस बघाल तर दृष्ट लागेल.

मी ते रोज सकाळी शाळेच्या आधी लावते. लावल्यावर काय चमकतात! पण संध्याकाळी हात घातला तर वरून चिकट आणि आतून काथ्यासारखे कोरडे. विंचरताना कडाकड तुटतात, उशीवर बारीक तुकडे पडलेले असतात आणि आता कपाळावर केसांच्या रेषेला पुळ्या पण आल्यात. यूट्यूबवर निम्म्या बायका सांगतात ग्रीस म्हणजे नुसतं पेट्रोलियम, केसांचा श्वास कोंडतो, फेकून द्या. उरलेल्या सांगतात की ग्रीस सोडलं तेव्हाच आमच्या केसांची वाट लागली, आता परत आजीच्या डब्यावर आलोय. खरं काय? खोबरेलवर जाऊ का सरळ? आणि साबांना तुमचा डबा बाद असं तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही हेही लक्षात घेऊन उत्तर द्या प्लीज.

टवाळ_टग्या

जावळ काढलं होतं का नीट? एकदा गोटा करा, दाट आणि सरळ येतात. आमच्याकडे सगळ्यांचं असंच झालंय.

अटलांटाची_आई

टग्या, गोटा करून केस ना दाट होतात ना सरळ, आणि सरळ हवेत कुणाला? प्रश्न परत वाचा.

मधुरा_ह्यूस्टन

अगं मी आहे ना त्याच बोटीत! माझी जुळी आता नऊ वर्षांची आहेत, त्यांचा बाबा नायजेरियन. पहिली तीन वर्षं मी अक्षरशः रडले आहे त्या केसांवरून, एकदा ग्रोसरी स्टोअरमध्ये एक अनोळखी आजी थांबून मला म्हणाली की पोरीचे केस तहानलेत गं. लाज वाटली तेव्हा पण तिने पार्किंगमध्ये उभं राहून अर्धा तास शिकवलं, तेच आजपर्यंत करतेय.

पहिला प्रश्न, तू ग्रीस कोरड्या केसांवर लावतेस का? तुझ्या लिहिण्यावरून तसंच वाटतंय. ते बंद कर आधी. आमच्याकडे आठवड्यातून एकदा न्हाणं, कधी दहा दिवसांनी, रोज नाही. न्हायच्या आधी केसांचे चार-सहा भाग करून क्लिपा लावायच्या. कंडिशनर भरपूर, म्हणजे तुला वाटतं त्याच्या दुप्पट, आणि ते डोक्यावर असतानाच गुंता सोडवायचा, आधी बोटांनी मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे. आपल्याला लहानपणी मुळापासून खाली ओढून विंचरलंय ना, ते डोक्यातून काढ. कोरड्या केसात कंगवा घालायचाच नाही, कितीही घाई असली तरी. मग केस ओले असतानाच लीव्ह-इन (न धुता केसातच ठेवायचं कंडिशनर) लावायचं, बाटलीवर सगळ्यात पहिलं नाव पाणी असलं पाहिजे. त्यावर तेल किंवा बटर किंवा तुझं ते ग्रीस, अगदी वाटाण्याएवढं, तळहातावर चोळून पातळ करून. आणि लगेच दोन बटांचे पीळ घालून टाकायचे किंवा वेण्या. मग चार-पाच दिवस हात लावू नकोस. रोज विंचरलंच पाहिजे ही आपली सवय आहे, त्या केसांची गरज नाही.

आणि वेण्या घट्ट नकोत. कपाळाशी, कानाजवळ पुळी किंवा दुखरं वाटलं तर लगेच सोड. ताणाने तिथले केस जातात आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर परत येत नाहीत.

ठाण्याचा_फॉर्म्युलेटर

क्रीम-लोशन बनवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून दोन शब्द.

श्वास कोंडतो हे विसरा. टाळूच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला श्वास वगैरे काही नसतो. ग्रीस विषारी पण नाही. डब्यामागे बघा, बहुतेक पहिलं नाव पेट्रोलॅटम, मग मिनरल ऑइल, लॅनोलिन (लोकरीतलं मेण), सुगंध, रंग. ब्लू मॅजिक, डॅक्स, रॉयल क्राउन, या सगळ्या ब्रँडचा सांगाडा साधारण हाच, कुणात ऑलिव्ह ऑइल जास्तीचं, सल्फर एटसारख्यात गंधक. पेट्रोलॅटम म्हणजे आपली व्हॅसलीन, चीझब्रो नावाच्या माणसाने १८७२ साली अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. नीट शुद्ध केलेलं असेल तर तान्ह्या बाळाच्या ढुंगणाला लावतो तेच.

गडबड दुसरीकडे आहे. या डब्यात पाण्याचा थेंब नसतो. ग्रीस ओलावा देत नाही, असलेला अडवतं. मडक्यात पाणी भरलंच नाही आणि वर झाकणी ठेवली तर प्यायला काय मिळणार? तुम्ही रोज सकाळी कोरड्या केसावर झाकणी ठेवताय, दुसऱ्या दिवशी झाकणीवर झाकणी. मग वरून पाणी मारलं तरी ते घरंगळून जातं. वरून चिकट आतून काथ्या, तुम्हीच बरोब्बर लिहिलंय.

आता तिचे केस इतके कोरडे का? आपल्या सरळ केसात टाळूचं तेल आपोआप टोकापर्यंत उतरतं, दोन दिवसांत डोकं तेलकट. तिचा केस कापून आडवा बघितला तर गोल नाही, चपटा लांबट असतो आणि दर काही मिलिमीटरवर वळतो. टाळू तेल बनवते पण ते त्या वळणांवरून खाली उतरतच नाही. शिवाय प्रत्येक वळणाशी वरचे खवले जरा उचललेले, तिथूनच पाणी उडतं आणि तिथेच केस तुटतो. म्हणजे झाकणीची गरज तिला आपल्यापेक्षा जास्तच आहे, साबा त्या बाबतीत चूक नाहीत.

खोबरेलचं विचारलंत. २००३ साली मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांचा एक पेपर आला होता, त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तिन्ही तपासली आणि केसातून प्रोटीन धुऊन जाणं फक्त खोबरेलने ठळक कमी केलं. त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ, केसाच्या आत शिरतं, मिनरल ऑइल शिरत नाही. (मॅरिको पॅराशूट विकते हे ध्यानात ठेवून वाचायचं, पण काम व्यवस्थित केलेलं आहे.) तेव्हा दोघांची कामं वेगळी. खोबरेल न्हायच्या आधी, केस पाण्याने फुगून कमकुवत होऊ नये म्हणून. ग्रीस न्हाल्यानंतर, ओल्या केसावर, किंचित. एकाच्या जागी दुसरं नाही.

पुळ्या कपाळावरच का, तर ग्रीस वितळून तिथे ओघळतं आणि छिद्रं बुजतात. डॉक्टरांना ही गोष्ट इतकी ओळखीची आहे की १९७० पासून तिला पोमेड ॲक्ने असं स्वतंत्र नाव आहे. केसांच्या रेषेपासून बोटभर आत थांबा, जातील. थरावर थर चढलेत ते नुसत्या कंडिशनरने निघणार नाहीत, एकदा चांगला फेस येणारा सल्फेट शाम्पू लागेल, दोनदा लावा. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे.

बोरूबहाद्दर

फॉर्म्युलेटरसाहेबांचं रसायन पटलं पण हा डबा त्या घरात आला कसा हे कळल्याशिवाय गंमत कळणार नाही.

पश्चिम आफ्रिकेत केसांना शिया बटर, पाम तेल होतं. गुलाम म्हणून अमेरिकेत आणल्यावर ते सुटलं, वेळही सुटला, मग हाताला येईल ते, लोणी, डुकराची चरबी. पुढे सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७, लुइझियानातल्या डेल्टा गावचा. ही बाई लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची आणि तिचे स्वतःचे केस गळत होते. तिने मलम विकायला सुरुवात केली, तीच पुढची प्रसिद्ध उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर. त्याच काळात केसांचा माल बनवणारी ॲनी मलोन पण होती, सारा आधी तिचाच माल विकायची, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वॉकरबाईंच्या मलमात मुख्य काय तर पेट्रोलॅटम आणि गंधक. कारण तेव्हा घराघरात नळ नव्हते, डोकं क्वचित धुतलं जायचं, टाळूला खपल्या, खाज, चट्टे. म्हणजे ते मूळचं टाळूचं औषध, ओलाव्याचं क्रीम नव्हेच.

आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त महत्त्वाची वाटते. नंतरच्या दोन-तीन पिढ्या चुलीवर तापवलेल्या लोखंडी कंगव्याने केस सरळ करायच्या. ग्रीस लावायचं आणि गरम कंगवा फिरवायचा, चर्रर्र आवाज यायचा, कान भाजायचे. असे केस केले की पाणी म्हणजे शत्रू. जरा पाऊस, जरा घाम, की केस परत मूळ वेटोळ्यात. मानेवरचे बारीक केस सगळ्यात आधी फिरतात, त्या जागेला ते लोक चक्क ‘किचन’ म्हणतात. तर अशा डोक्याला पाण्याशिवाय नुसतं ग्रीस हेच बरोबर होतं. तुमच्या लेकीचे केस मोकळे, नैसर्गिक. तिथे पाणी मित्र आहे. डबा तोच, डोकं बदललं.

यूट्यूबवरचं भांडणही बरंचसं यातूनच आलंय. नॅचरल केस ठेवायची लाट आली तेव्हा जुन्या काळचं सगळंच संशयित ठरलं, त्यात ग्रीस पण गेलं. महागड्या बाटल्या वापरून हात पोळल्यावर काही जणी परत आल्या.

मधुरा_ह्यूस्टन

बोरूबहाद्दर, हे माहीत नव्हतं हो, छान लिहिलंत. पण टाळूला ग्रीस लावायच्या मी विरोधात आहे, माझ्या एका मुलीला खाज सुटायची.

ठाण्याचा_फॉर्म्युलेटर

मधुराताई, काहींना लॅनोलिन किंवा सुगंध सोसत नाही, तसं असू शकतं. पण म्हणून टाळूला खोबरेल चोपडा असंही नाही बरं का. कोंड्याची बुरशी तेलातल्या फॅटी ॲसिडवर जगते, पेट्रोलॅटम तिला पचत नाही. म्हणजे खाज आणि पिवळट खपल्या असताना तेल थापणं म्हणजे पाहुण्यांना पंगत वाढणं. पोरांच्या डोक्यावर खपल्या, गोल चट्टे, केस जागेवरून गेलेले दिसले तर घरचे उपाय बंद, डॉक्टर. तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो आणि त्याला पोटातून औषध लागतं.

अटलांटाची_आई

(तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी.)

आधी शाम्पू केला, दोनदा. पहिल्या वेळी फेसच आला नाही, नुसता राखाडी चिकटा. दुसऱ्यांदा आला. मग मधुराच्या पद्धतीने चार भाग, कंडिशनर, बोटांनी गुंता. दीड तास लागला, आयपॅडवर दोन पिक्चर संपले, पण उशीवर तुकडे नाहीत! पुळ्या पण बसत आल्यात.

खरी गोष्ट पुढे आहे. मागच्या रविवारी साबांकडे गेलो होतो, म्हटलं विचारायचंच. घाबरत घाबरत म्हटलं की मॉम तुम्ही हे ग्रीस नेमकं कसं लावता, मला एकदा दाखवा ना. त्या उठल्या, सिंकखालून स्प्रेची बाटली आणली, लेकीला दोन गुडघ्यांच्या मध्ये जमिनीवर बसवलं (आजी मला बसवायची अगदी तशी, मला एकदम भरून आलं) आणि आधी एकेक भाग पाण्याने चिंब केला. त्यात थोडं कंडिशनर पण मिसळलेलं होतं. मग शेपटीच्या (मागे टोकदार दांडी असलेल्या) कंगव्याने भांग, हाताच्या मागच्या बाजूला ग्रीसचा एक ठिपका काढून ठेवलेला, त्यातून बोट फिरवून भांगावर अगदी रेघेइतकं, उरलेलं टोकांना, आणि पीळ. संपलं. मी म्हटलं मी तर रोज सकाळी लावते. तर डोळे मोठे करून म्हणाल्या, ‘एव्हरी डे? बेबी, हू टोल्ड यू एव्हरी डे?’

कुणीच नव्हतं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्यांनी डबा हातात दिला, मी तेवढाच घेतला. स्प्रेची बाटली त्यांनी सांगितली नाही कारण त्यांना वाटलं ते कुणालाही माहीत असतं, आणि मी विचारलं नाही कारण मला वाटलं विचारलं तर मला परकी समजतील. नवरा म्हणाला मलाही माहीत नव्हतं, माझं डोकं तर दर दोन आठवड्यांनी न्हाव्याकडे. धन्य.

तर आता शनिवारी रात्री खोबरेल, रविवारी साबांकडे न्हाणं. डबा अर्धा आहे, या हिशोबाने तिच्या कॉलेजपर्यंत पुरेल.

एकच राहिलं, रात्री सॅटिनची टोपी घाला म्हणतात सगळे, सुती उशी ओलावा शोषते आणि केस घासतात म्हणून. पण टोपी पहाटे पलंगाखाली सापडते. तुम्ही काय करता?

मधुरा_ह्यूस्टन

टोपीचा नाद सोड गं, माझ्या दोघींनी कधी ठेवली नाही. उशीलाच सॅटिनची खोळ घाल. माझ्या आईने पुण्याहून तिच्या जुन्या सिल्कच्या साडीच्या चार शिवून पाठवल्यात, मस्त चाललंय.

टवाळ_टग्या

पैठणीची शिवू नका म्हणजे झालं, जर टोचेल पोरीला.

अटलांटाची_आई

टग्या, हे मात्र पहिलं कामाचं बोललात :)