सायकलवर स्पेन : गावागावांतून फिरलेल्यांनी या, लिहा

पायडलवाली :
बार्सिलोना-माद्रिद करून आलेले खूप भेटतात, त्यांचे फोटोही बघून झालेत. हा धागा त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी कॅरियरला पिशव्या लटकवून स्पेनच्या खेड्यापाड्यांतून सायकल हाणलीय, दुपारी तीन वाजता बंद शटरसमोर उपाशी बसलेत, नकाशात सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर जीभ बाहेर काढलीय त्यांनी लिहा. फजिती आधी लिहा, सूर्यास्त नंतर.

सुरुवात मीच करते. मैत्रीण आणि मी सप्टेंबरात सेव्हिलहून सालामांकापर्यंत गेलो, पाचशेच्या आसपास किलोमीटर, व्हिया दे ला प्लाताच्या कडेकडेने. हा मूळचा रोमन रस्ता. आता त्याच दिशेने मोटरवे गेलाय त्यामुळे जुना एन-६३० हायवे आमच्यासारख्यांना मोकळा मिळतो, कधीकधी पाच-दहा मिनिटं एक गाडी नाही. पण आम्हाला शहाणपण सुचलं आणि मेरिदाच्या अलीकडे द्राक्षमळ्यांमधल्या कच्च्या वाटेला लागलो. तोडणी चालू होती, लाल माती, हवेत आंबूस वास, मस्त चाललं होतं आणि दोघींची मिळून तीन चाकं बसली. टायर उलटा करून बघते तर काय, सराटे! आपले, शेताच्या बांधावर चपलेत घुसतात तेच सराटे, जरासुद्धा फरक नाही. एका टायरमधून मी नऊ काढले, मोजून. ट्रॅक्टरवाला आजोबा थांबला, एक काटा बोटांत धरून म्हणाला "आब्रोखो". मी म्हटलं आमच्याकडे सराटा म्हणतात. तो चारदा "सराता, सराता" म्हणत हसला, मग द्राक्षाचे दोन घड आमच्या हेल्मेटमध्ये टाकून गेला. त्यांना ट नाही जमत.

मेरिदात ग्वादियाना नदीवरचा रोमन पूल आहे, पाऊण किलोमीटरच्या वर लांब आणि फक्त पायी किंवा सायकलने जायचा. तिथे पोचलो तेव्हा अंधार पडत आलेला. जुन्या पाणीपुलाच्या खांबांवर करकोच्यांची घरटी दिसली, करकोचे बरेचसे गेलेले. रोमन थिएटर वगैरे दुसऱ्या दिवशी बघितलं, पण मला विचाराल तर तो सराटाच जास्त लक्षात राहिला. टायरमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरूनच जा, हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

गोदाकाठचा :
वय ६१, गुडघे मूळचेच. पाम्प्लोना ते सांतियागो, साधारण सातशे किमी, चौदा दिवस. कामिनो (सांतियागोची ख्रिस्ती पदयात्रा) म्हटलं की लोक लगेच वारीशी तुलना करतात, मी ती करणार नाही कारण वारीत मी कधी गेलेलोच नाही.

सायकलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची, या वाटेवर आपण दुय्यम नागरिक. सरकारी आणि चर्चच्या धर्मशाळांत पहिला मान चालणाऱ्यांना, सायकलवाल्याने संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि जागा उरली तर घ्यायची. मला पहिल्या दिवशी राग आला होता, पण पायांना पट्ट्या बांधलेली बाई आपल्या मागून लंगडत आली की राग उतरतो. सर्टिफिकेटसाठी पायी शेवटचे १०० किमी पुरतात, सायकलला २०० लागतात. यात्रेकरूच्या पासबुकावर बारमध्ये, चर्चमध्ये शिक्के मारून घ्यायचे. मी तर शिक्क्यांसाठी इतकी कॉफी प्यायलो की बास.

बुर्गोस ते लिओन म्हणजे मेसेता, उंचावरचं सपाट पठार. गव्हाची कापणी झालेली, झाड नाही, सावली नाही, समोर सरळ पांढरी वाट आणि पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. सपाट म्हणून मी ऐंशीचा प्लॅन केला होता, बेचाळीस झाले. चढ असला तर संपतो तरी, वारा संपतच नाही हो. गावं मातीच्या भिंतींची, आपल्याकडच्या जुन्या पांढरीच्या घरांसारखी, मातीत गव्हाचा भुसा मिसळलेला स्पष्ट दिसतो. अर्धी घरं पडलेली.

क्रुझ दे फेर्रो म्हणजे दीड हजार मीटरवरचा लोखंडी क्रॉस, तिथे लोक घरून आणलेला दगड ठेवतात. मी रामकुंडाजवळचा एक गोटा नेला होता, बायकोच्या नावाने. त्याबद्दल एवढंच. पुढचा उतार मात्र सावध उतरा, माझ्या रिमला बोट लावलं तर चटका बसला. एल आसेबो गाव सोडताना रस्त्याकडेला लोखंडी सायकल उभी आहे, तिथे गेलेल्या एका सायकलवाल्याच्या आठवणीची. ती बघितल्यावर मी खालच्या गावापर्यंत निम्मा उतार सायकल हातात धरून चाललो.

अर्धाडबा :
व्हेज लोकांसाठी थोडक्यात. "सिन कार्ने" म्हणजे बिनमांसाचं, असं सांगितलंत तर हॅम घातलेलं येईल कारण हॅम त्यांच्या लेखी मांसात मोजत नाहीत. मिक्स सॅलडवर ट्यूना असतोच. मसूरच्या आमटीत चोरिसोचे (डुकराच्या मांसाचं सॉसेज) तुकडे, "काढून टाक की" म्हणतात वर. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, त्यालाच ते तोर्तिया म्हणतात, प्रत्येक बारमध्ये काचेखाली असतं. अंडंही नको तर भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल, मी अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ तेच खाल्लं. मांचेगो चीज कडक शाकाहारींनी सोडा, त्यात कोकराच्या पोटातलं विरजण असतं. मला हे सहाव्या दिवशी कळलं, तोवर अर्धा किलो झालं होतं, असो. आणि दुकानं दोन ते पाच बंद, रविवारी पूर्ण बंद, किचन रात्री नवाच्या आधी उघडत नाही. शेंगदाण्याची चिक्की घरून न्या.

पायडलवाली :
@अर्धाडबा चिक्की +१. आम्ही थालीपीठाची भाजणी नेली होती आणि स्टोव्हच घरी विसरलो.

म्युनिकची मावशी :
आम्ही चौघं, धाकटा नऊ वर्षांचा, त्यामुळे घाट-बिट शक्यच नव्हता. आमच्यासारख्यांसाठी स्पेनमध्ये व्हिया व्हेर्दे आहेत, बंद पडलेल्या रेल्वेलाइनींचे सायकल रस्ते केलेत. रेल्वेची लाइन म्हणजे चढ बेताचाच, मुलांना जमतो. आम्ही अंदालुसियात पुएर्तो सेर्रानो ते ओल्व्हेरा ही ३६ किमीची लाइन दोन दिवसांत केली, ३० बोगदे आणि ४ मोठे पूल. गंमत म्हणजे इथून एकही गाडी कधी धावली नाही. १९२०च्या दशकात काम सुरू झालं, बोगदे खोदून झाले, स्टेशनं बांधून झाली, मग यादवी युद्धात जे थांबलं ते थांबलंच. एक बोगदा जवळजवळ किलोमीटरभराचा. मोठ्या बोगद्यांत दिवे आहेत पण आम्ही गेलो तेव्हा एकात ते लागलेच नाहीत, आणि धाकट्याचा हेडलॅम्प बॅगेच्या तळाशी. त्या काळोखात तो एकदम ओरडला "आई, मी डोळे उघडलेत का?" अजून घरात कोणी लाइट बंद केला की आम्ही हेच म्हणतो.

मध्यावर साफ्रामागोनचा सुळका आहे, तिथे गिधाडांची वसाहत. मी कोकणातली, लहानपणी गुरं टाकायच्या जागेवर गिधाडं बघितलेली, मग ती दिसेनाशीच झाली. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकने ती गेली आणि २००६ला ते औषध बंद झालं हे नंतर वाचलं. इथे डोक्यावर पंचवीस-तीस एकदम फिरत होती, सावल्या रस्त्यावरून सरकत होत्या. मुलं आइस्क्रीमसाठी पुढे पळाली, मी तिथेच मान वर करून उभी. नवऱ्याने विचारलं काय झालं, मला सांगताच आलं नाही नीट.

ओल्व्हेरा पांढरं गाव आहे, टेकडीवर. "सपाट ट्रॅक" ओल्व्हेराच्या पायथ्याशी संपतो आणि हॉटेल वर असतं एवढं सांगून ठेवते.

चेनगार्ड :
कामाचं तेवढं. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. गाड्यांनी ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे आणि बहुतेक जण पाळतात, ट्रक मागे शांतपणे थांबून राहतो, आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं. हाय-स्पीड ट्रेनमध्ये सायकल खोलून पिशवीत, मधल्या अंतराच्या बऱ्याच ट्रेनमध्ये अख्खी जाते पण जागा मोजक्या, आधी बुक करा. नळावर "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर पिऊ नका. जुलै-ऑगस्टात अंदालुसियात जाऊ नका. एसिखा नावाच्या गावाला तेच लोक "अंदालुसियाचा तवा" म्हणतात, मी त्या तव्यावर ऑगस्टात भाजून आलोय. शिवाय ऑगस्टात प्रत्येक गावाची जत्रा, बँड पहाटे पाचला थांबतो.

फलटणकर :
मी गावं कमी बघितली, मेंढ्या जास्त. तिकडे कान्यादा म्हणून मेंढ्यांचे रस्ते आहेत, हिवाळ्यात दक्षिणेला आणि उन्हाळ्यात डोंगरात कळप न्यायचे. राजाने १२७३ साली मेंढपाळांच्या संघटनेला हक्क दिले, मोठ्या रस्त्याची रुंदी ९० व्हारा (जुनं स्पॅनिश माप) म्हणजे ७५ मीटरच्या आसपास. त्यांतले बरेचसे आज बुजलेत पण कायद्याने अजून सार्वजनिक आहेत आणि सायकलला मोकळे. आमच्याकडचे धनगर दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरतात, दरवर्षी कुणाच्या तरी कुंपणावरून भांडण. मी तिथे उभा राहून त्या पंच्याहत्तर मीटर रुंद गवताकडे बघत विचार करत होतो की हे आपल्याकडे कुणी लिहून दिलं असतं तर.

सोरियाकडे एका सकाळी कळप आला. कळपात मास्तिन कुत्री असतात, वासराएवढी, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. दोन माझ्याकडे निघाली. पळायचं नाही, सायकलवरून उतरायचं, सायकल मध्ये धरायची, हळू बोलत बाजूने जायचं हे मला घरच्या अनुभवाने ठाऊक होतं. बोललो मराठीतच, "आरं काय नाय, जातूय की". कुत्र्याने हँडलची पिशवी हुंगली, त्यात अर्धाडब्याने सांगितलेली चिक्की नव्हती, चीज होतं. चीज गेलं. मेंढपाळ मोरोक्कोचा निघाला, भाषा ना त्याची मला ना माझी त्याला, पण मी एका मेंढीचं खूर वर करून बघितलं आणि खुरांत सडका वास येतोय असं नाकाने दाखवलं तेव्हा त्याने लगेच चहा टाकला. पुदिन्याचा, भयंकर गोड.

पायडलवाली :
@फलटणकर तुम्ही वेगळा धागा काढा प्लीज.

शांत_घाट :
तेरुएलच्या बाजूला गेलो होतो, ओखोस नेग्रोसच्या खाणीची जुनी रेल्वेलाइन, पुढे अल्बार्रासिन. अल्बार्रासिनची घरं गुलाबी-तांबूस, त्यावर फार लिहिलं गेलंय, सोडतो. त्याच्या पलीकडे डोंगरात एका गावात मुक्काम केला, खोलीची किल्ली देणाऱ्या काकू म्हणाल्या की हिवाळ्यात आम्ही नऊ जण असतो. दुकान नाही, बार फक्त शनिवारी. सकाळी साडेदहाला लांबवर हॉर्न वाजायला लागला, थांबेचना, मला वाटलं अपघात झाला. ती पाववाल्याची व्हॅन. दारं उघडली, काठ्या टेकत सहा म्हातारे-म्हाताऱ्या आल्या, प्रत्येकाने पाव घेतला आणि कुणी घरी जाईना. वीस मिनिटं व्हॅनच्या सावलीत उभे राहून बोलत होते. मला पाव मिळाला नाही, आदल्या दिवशी सांगावा लागतो. एका आजींनी आपला मोडून अर्धा दिला आणि कागद परत मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला.

तिखटजाळ :
उशिरा लिहितेय. मी ऑक्टोबरात एक्स्त्रेमादुराच्या ला व्हेरात होते, ग्रेदोसच्या डोंगराच्या दक्षिण उतारावर. दर थोड्या वेळाने ओढा, त्यावर दगडी पूल, अंजिरं, चेस्टनट, रस्ता सारखा वर-खाली. युस्तेचा मठ इथेच, जिथे सम्राट पाचवा चार्ल्स गादी सोडून येऊन राहिला आणि १५५८ला वारला. पण मी थांबले ते वासामुळे. खाराइसच्या अलीकडे शेतात विटांची बुटकी घरं होती आणि कौलांतून धूर निघत होता, मी चक्क ब्रेक मारला. आत खाली ओकची लाकडं नुसती धुमसतायत, जाळ नाही, वर फळ्यांच्या माळ्यावर लाल मिरच्यांचा थर. पंधरा दिवस असं वाळवतात आणि रोज हाताने खालवर करतात. तिथल्या बाईंचे डोळे कायमचे लाल झालेले. मी विचारलं उन्हात का नाही घालत, त्या आकाशाकडे बोट दाखवून हसल्या, इकडे मिरची तयार होते तेव्हाच पाऊस सुरू होतो.

मी सांगितलं की आमच्याकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली, गोव्यात. त्या म्हणाल्या आमच्याकडे कोलंबसाने. म्हणजे एकाच झाडाच्या दोन लेकी, एक उन्हात वाढली एक धुरात. त्यांनी तिखटातला तिखट पिमेंतोन (याच मिरच्यांची पूड) तळहातावर दिला, मी जिभेला लावला आणि वाट बघत राहिले, काही झालंच नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून जरा हा-हू केलं.

पत्र्याच्या तीन डब्या आणल्या, सायकलच्या पिशवीला अजून तो वास आहे. आल्यावर हौसेने पिठल्याच्या फोडणीत चमचाभर घातला, तर सासूबाई बाहेरून, "अगं फोडणी करपली का?"