‘पॉझिटिव्ह निघाला’ की ‘पॉझिटिव्ह आला’? चाचणी आणि टाळेबंदीच्या शब्दांविषयी

विचारणा : शिक्षिका, अमळनेर

नववीच्या मुलांकडून आम्ही कोरोनाविषयी ‘साथीच्या काळातील शब्द’ अशी एक सूची करून घेत आहोत. मुलांनी घरोघरी आणि शेजारीपाजारी विचारून शब्द आणले. ते लावताना तीन ठिकाणी अडचण आली आहे. पहिली अशी, की बहुतेक घरांतून ‘तो पॉझिटिव्ह निघाला’ हेच वाक्य आले आणि ‘त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला’ असे फार थोड्यांनी सांगितले. या दोहोंत अर्थाचा फरक आहे का? दुसरी, लॉकडाऊनसमोर टाळेबंदी लिहावे की संचारबंदी? तिसरी, विलगीकरण आणि अलगीकरण हे एकच आहेत की वेगळे? जाणकारांनी उदाहरणांसह सांगावे.

प्रतिसाद : निवृत्त आरोग्य सहायक, धुळे

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नात त्या दोन वर्षांतील लोकांच्या मनाची बरीच हकीकत दडलेली आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

आजाराच्या संदर्भात ‘निघणे’ हे क्रियापद आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ‘रक्तात मलेरिया निघाला’, ‘थुंकीत टीबी निघाला’, ‘तपासलं तर साखर निघाली’ अशी वाक्ये मी आयुष्यभर ऐकली. या सर्व वाक्यांत निघतो तो आजार. माणूस बाजूला राहतो, फार तर ‘त्याला’ किंवा ‘त्याच्या रक्तात’ एवढाच येतो. कोरोनाच्या काळात मात्र वाक्याचा कर्ता बदलला आणि माणूसच ‘निघू’ लागला. याआधी हे एका आजाराबाबत घडलेले होते, तो म्हणजे एचआयव्ही. तिथेही ‘तो पॉझिटिव्ह निघाला’ असेच म्हणत आणि तिथेही लोक चाचणीच्या खोलीपर्यंत तोंड झाकून येत. माणसाला लागलेले ‘निघणे’ मराठीत कुठे वापरतात ते पाहा : ‘जावई व्यसनी निघाला’, ‘भागीदार लबाड निघाला’. ‘मुलगा हुशार निघाला’ असेही आपण म्हणतो, त्यामुळे हे क्रियापद मुळात दोषवाचक आहे असे म्हणता येणार नाही. परंतु आतापर्यंत झाकून राहिलेले काहीतरी उघडे पडले, ही छटा त्यात असतेच, आणि पुढचा शब्द भीतीचा असला की ती छटा आरोपाची होते.

त्याच्या जोडीला ‘उचलून नेले’ हा प्रयोग होता. पेशंटला रुग्णवाहिकेतून नेले असे म्हणण्याऐवजी गल्लीत ‘त्याला रात्री उचलला’ असे म्हणत, म्हणजे जे शब्द पोलिसांनी धरलेल्या माणसाला लागतात तेच. असे बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. २०२० च्या उन्हाळ्यात एका माणसाचा अहवाल पॉझिटिव्ह आला की घरातील बाकीच्यांना संस्थात्मक क्वारंटाईनमध्ये जावे लागे, गल्लीच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे ठोकले जात, किराणा आणायलाही कोणी उरत नसे. मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील मृत्युदर राज्याच्या सरासरीहून बराच वर गेला होता. त्याच जून महिन्यात जळगावला रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची वृद्ध महिला आठवडाभराने तिथल्याच शौचालयात मृतावस्थेत सापडली. त्या बातमीनंतर घरोघरी सर्वेक्षणाला जाणाऱ्या आशाताईंसमोर दारे लावून घेतली गेली. म्हणून चाचणीला नकार देणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवणे मला कधीच पटले नाही. लोक स्वॅबच्या काडीला घाबरत नव्हते, त्या काडीनंतर जे घडत होते त्याला घाबरत होते.

आता ‘चाचणी’ या शब्दाविषयी. मुलांना हा शब्द घटक चाचणीमुळे माहीत असतो आणि तिथे तो उत्तीर्ण-अनुत्तीर्णाशी बांधलेला आहे. ‘तपासणी’त ती धास्ती नाही. दवाखान्यात आपण रक्त ‘तपासतो’, बाळ-बाळंतीण ‘तपासतो’. गावात फिरताना ‘चाचणी करायची आहे’ म्हटले की लोक मागे सरत आणि ‘तपासून घेऊ’ म्हटले की निदान ओट्यावर बसून ऐकून घेत, हा माझा अनुभव आहे. तुमच्या सूचीत दोन्ही शब्द वेगवेगळ्या नोंदी म्हणून असावेत.

‘निगेटिव्ह’चाही लोकांनी एक अर्थ ठरवून टाकला होता : काही झालेले नाही. जून २०२० पासून रॅपिड अँटिजेन चाचणी आली. ती विषाणूचे प्रथिन शोधते आणि अर्ध्या तासाच्या आत उत्तर देते, परंतु विषाणूचे प्रमाण कमी असेल तर तिच्यातून बाधित माणूस सुटू शकतो. म्हणून लक्षणे असताना ती निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करावी, असा नियम होता. एकाच माणसाचे दोन अहवाल वेगळे आले की लोक म्हणत, ‘सगळं खोटं आहे, पैशांसाठी चाललंय.’ ‘या चाचणीत विषाणू दिसला नाही’ एवढे सरळ वाक्य आम्ही अहवाल हातात देताना सांगायला हवे होते, आणि तेवढाही वेळ त्या रांगेत कोणाला मिळत नव्हता.

प्रतिसाद : निवृत्त उपसंपादक, जळगाव

आरोग्य सहायकांचे निरीक्षण मोलाचे आहे, तरीही एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. ‘एक्स-रे नॉर्मल निघाला’ असेही लोक सहज म्हणतात. त्यामुळे प्रत्येक ‘निघाला’मध्ये आरोप शोधू नये, ज्या घरात दवाखान्याची कागदपत्रे कमी येतात तिथे ‘आला’पेक्षा ‘निघाला’ अधिक बोलले जाते, इतकेच कारण अनेकदा असते. माझा आक्षेप आहे तो छापील मजकुरातील ‘सापडले’ या शब्दावर. ‘शहरात आणखी रुग्ण सापडले’ असे मथळे सर्रास दिले गेले. हरवलेली वस्तू सापडते, फरारी आरोपी सापडतो. रुग्ण आढळतात किंवा त्यांच्या आजाराचे निदान होते. ‘आढळले’ हा शब्द अक्षरांनी तेवढाच आहे, त्यामुळे जागेची सबबही इथे चालत नाही.

‘बाधित’ हा शब्द वापरात येण्यामागे योग्य कारण होते. ज्याला ताप नाही, खोकला नाही, पण अहवाल पॉझिटिव्ह आहे, त्याला रुग्ण कसे म्हणावे, हा प्रश्न होता. आणि ‘पूरबाधित’, ‘प्रकल्पबाधित’ हे शब्द वाचकांच्या परिचयाचे होते. परंतु आपल्या खेड्यांत ‘बाधा’ म्हटले की पहिल्यांदा आठवते ती बाहेरची बाधा, जी भगताकडे उतरवतात. ‘त्याला बाधा झाली आहे’ हे वाक्य सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर जो अर्थ पोहोचवते, तो शासनाच्या पत्रकाला अभिप्रेत नव्हता. ‘संशयित’विषयी तर काय सांगावे! पोलीस ठाण्याच्या बातमीतला शब्द आम्ही तसाच उचलून दवाखान्याच्या बातमीत ठेवला.

प्रतिसाद : वकील, चाळीसगाव

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. टाळेबंदी आणि संचारबंदी हे पर्यायी शब्द नाहीत, आणि कायद्याच्या भाषेत दोन्हींना स्वतःची जागा आहे.

टाळेबंदी हा शब्द औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मुळे मराठीत पक्का झाला. कामगारांनी काम थांबवले तर संप आणि मालकाने कारखाना बंद ठेवून कामगारांना बाहेर ठेवले तर टाळेबंदी. अमळनेर, धुळे आणि आमचे चाळीसगाव, या तिन्ही ठिकाणी कापड गिरण्या पाहिलेली पिढी अजून आहे, आणि तिच्या लेखी टाळेबंदी म्हणजे फाटकाला लागलेले कुलूप आणि घरी बसलेला कामगार. २५ मार्च २०२० पासून देशभर जे लागू झाले त्यालाही वर्तमानपत्रांनी तोच शब्द दिला. अर्थाने पाहिले तर ही उलटी गोष्ट होती, कारण गिरणीची टाळेबंदी माणसाला बाहेर ठेवते आणि ही टाळेबंदी त्याला आत ठेवत होती. पण हातावर पोट असलेल्याच्या दृष्टीने परिणाम एकच होता, रोज बुडाला. आणि त्यामुळे मला हा शब्द चुकीचा वाटत नाही. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळे, शिरपूरमार्गे मध्य प्रदेशाच्या सीमेकडे पायी जाणारे मजूर ज्यांनी पाहिले, त्यांना गिरणीचा जुना अर्थ नव्या अर्थाला चिकटलेला दिसला असेल.

संचारबंदी ही हालचालीवरची बंदी आणि जमावबंदी ही एकत्र येण्यावरची. दोन्ही आदेश त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. राज्यात २३ मार्च २०२० रोजी संचारबंदी जाहीर झाली, म्हणजे देशव्यापी लॉकडाऊनच्याही आधी. याशिवाय १८९७ चा साथरोग अधिनियम, जो प्लेगच्या साथीत झाला, आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम हे दोन्ही लागू होते. सूचीत ‘लॉकडाऊन : टाळेबंदी (व्यवहार बंद ठेवणे)’ आणि ‘कर्फ्यू : संचारबंदी (बाहेर फिरण्यास मनाई)’ अशा दोन नोंदी कराव्यात.

‘जनता कर्फ्यू’ ही तिसरी नोंद मात्र अवश्य ठेवा, कारण त्या शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलला. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू हे आवाहन होते. जनतेने जनतेसाठी स्वतःवर लावून घ्यायचा, असे त्याचे स्वरूप सांगितले गेले होते. मार्च २०२१ मध्ये जळगाव शहरात ११ ते १५ तारखेपर्यंत जो जनता कर्फ्यू झाला, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने झाला. आदेश योग्य होता की नव्हता हा वेगळा प्रश्न. रुग्ण वाढत होते आणि काहीतरी करणे भाग होते. परंतु ज्यात जनतेला निवड नाही त्याला जनतेचे नाव दिले, की पुढच्या वेळी खरे आवाहनही लोकांना आदेशच वाटते. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने ‘ब्रेक द चेन’ या नावाखाली ‘निर्बंध’ हा शब्द वापरला, तेव्हा व्यापाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया ‘लॉकडाऊनच म्हणा ना सरळ’ अशी होती. ती मला रास्त वाटते.

पूरक विचारणा : शिक्षिका, अमळनेर

सर, दोन्ही नोंदी तशाच करीत आहोत. आणखी एक विचारायचे आहे. मुलांनी आणलेल्या शब्दांत अहिराणी फार थोडी आली; शाळेत विचारले म्हणून मुलांनी ती गाळली असावी, असे वाटते. घरात लोक काय बोलत होते?

प्रतिसाद : अहिराणीचे अभ्यासक, पारोळा

ताई, अहिराणीत ‘पॉझिटिव्ह निंघना’ हेच सर्वाधिक चालले. परंतु आणखी एक रूप आहे, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते : ‘त्याले व्हयेल व्हता’, म्हणजे त्याला झाला होता. काय व्हयेल व्हता, ते बोलायचेच नाही. रोगाचे नाव टाळण्याची ही रीत जुनी आहे. पटकीला (कॉलऱ्याला) पटकी न म्हणता मरीआईचा फेरा म्हणत, देवीला तर रोगाचे दुसरे नावच नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला ‘मानमोडी’ म्हणत, म्हणजे जे शरीराला जाणवले तेच नाव झाले. कोरोनाला असे एकही देशी नाव मिळाले नाही, कारण नाव रुजण्याआधीच ते मोबाइलच्या कॉलर ट्यूनमधून दिवसातून अनेकदा कानावर आदळत होते.

‘क्वारंटाईन’चे ‘कोरोनटाईन’ झाले, ते निव्वळ उच्चाराच्या सोयीने झाले असे नाही. मूळ शब्द व्हेनिसच्या बंदरात जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवण्यावरून आला, पण त्या चाळीस दिवसांशी खान्देशातील माणसाचा संबंध नव्हता. कोरोनामुळे कोंडले म्हणून कोरोनटाईन, अशी त्याची व्युत्पत्ती त्याने स्वतः लावून घेतली. ही नोंद अशुद्ध म्हणून गाळू नये, ही विनंती.

‘गावबंदी’ हा शब्दही घ्या. एप्रिल २०२० मध्ये गावोगाव रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या स्वतःच्याच मुलांना लोक शाळेत थांबवत होते. सरकारच्या टाळेबंदीवर जी माणसे चिडत होती, तीच गावबंदीला पहारा देत होती. बंदी कोणी घातली यावर लोकांचे मत अवलंबून होते, बंदी किती कडक आहे यावर तितके नव्हते. अहिराणीत तेव्हा ‘बाहेरना’ हा शब्द स्वतःच्या लेकाला लागला, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांना अजूनही बोलवत नाही.

प्रतिसाद : निवृत्त आरोग्य सहायक, धुळे

भाऊंनी गावबंदीचा विषय काढला म्हणून ‘शिक्का’ या शब्दाचीही नोंद सुचवतो. मार्च २०२० मध्ये घरी क्वारंटाईन केलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारण्याचा निर्णय राज्याने घेतला. शिक्क्यावरील इंग्रजी मजकुरात अभिमानाचे शब्द होते, पण मराठी माणसाला ‘शिक्का बसणे’ हा वाक्प्रचार आधीच माहीत आहे आणि त्याचा अर्थ बदनामी असा आहे. लोक पूर्ण बाहीचा सदरा घालून फिरू लागले.

तसेच ‘विनाकारण फिरणारे’ हा शब्दप्रयोग. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्यातील अनेक शहरांत रस्त्यावर अडवून अशा लोकांची अँटिजेन चाचणी करण्यात आली आणि ध्वनिक्षेपकावरून ‘विनाकारण फिराल तर चाचणी केली जाईल’ असे सांगितले जाई. बाधित माणूस लवकर कळावा हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण ते वाक्य पुन्हा वाचून पाहा : त्यात चाचणी ही शिक्षा आहे. आम्ही वर्षभर गावोगाव सांगत होतो की चाचणी तुमच्याच हिताची आहे, आणि चौकातला भोंगा नेमके उलट सांगत होता. ते दंडापेक्षा स्वस्त म्हणून कोणी रांगेत उभे राहिलेही असेल, पण आपणहून केंद्रावर येणाऱ्याची पावले त्या वाक्याने नक्कीच अडखळली. याचे मला आजही वाईट वाटते.

तुमचा तिसरा प्रश्न राहिला आहे. ज्याला आजार झाला आहे त्याला इतरांपासून वेगळे ठेवणे हे विलगीकरण, म्हणून रुग्णालयात ‘विलगीकरण कक्ष’. आणि जो निरोगी दिसतो पण रुग्णाच्या संपर्कात आला आहे, त्याला ठरावीक दिवस वेगळे राहण्यास सांगणे हे अलगीकरण, म्हणजेच क्वारंटाईन. शासकीय पत्रकांतही हे दोन शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले गेले, त्यामुळे लोकांचा गोंधळ झाला तर नवल नाही. निरोगी माणसाच्या दारावर ‘विलगीकरण’ असा कागद लागला की शेजारी त्याला रुग्ण समजत आणि पाणीसुद्धा लांबून देत. सूचीत या दोन नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि प्रत्येकीखाली एक पूर्ण वाक्य द्यावे : ‘आईला ताप असून अहवाल पॉझिटिव्ह आल्यामुळे ती विलगीकरणात आहे.’ ‘मुलाला काही झालेले नाही, पण तो आईजवळ होता म्हणून अलगीकरणात आहे.’