मदत हवी आहे: पॉडकास्टमधला नेमका विनोद मैत्रिणीला कसा पाठवू?

मंडळी, सध्या एका विनोदी पॉडकास्टने मला पार वेडं केलंय. परवा भांडी घासता घासता इतकी हसले की हातातला पेला सिंकमध्ये निसटला. दोघं लिफ्टमध्ये अडकल्याचा किस्सा सांगतात, एक जण मध्येच गप्प होतो आणि मग हळूच म्हणतो, "बटण मीच दाबलं नव्हतं." मेले मी!

लगेच मैत्रिणीला कळवलं, "42:10 पासून ऐक." तिच्याकडे तिथे गादीची जाहिरात! शोधल्यावर कळलं की हल्ली भाग डाउनलोड होताना सर्व्हर प्रत्येकाला वेगळ्या जाहिराती जोडतो, त्यामुळे मिनिटं जुळतच नाहीत. तेवढा तुकडा कापून पाठवायची सोपी युक्ती आहे का? स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये माझ्याकडे आवाजच येत नाही.

आणि एक. ती दीडपट वेगाने ऐकते, वर शांत जागा गाळणारं सेटिंगही चालू. म्हणजे ती गप्प बसण्याची जागाच उडाली, हसणार कशी? फक्त याच पॉडकास्टसाठी ते बंद ठेवता येतं का? आयफोनवरच्या ओव्हरकास्ट या पॉडकास्ट ॲपमध्ये त्याला 'स्मार्ट स्पीड' म्हणतात, पण ती अँड्रॉइडवाली आहे.