सत्तरीचे कार्ड आले, म्हणून जुनी पॉलिसी सोडायची?

रावपुऱ्याचा पेन्शनर

काल रात्री आपल्या बडोद्याच्या याच गटावर एका सद्गृहस्थांनी लिहिले की, केंद्र सरकारचे आयुष्मान वय वंदना कार्ड हातात आल्यावरही खासगी आरोग्यविम्याचा हप्ता भरत राहणे म्हणजे विश्वामित्री नदीत पैसे सोडणे होय. त्यांनी आपली अठरा वर्षांची पॉलिसी यंदा पुढे चालू ठेवली नाही, इतरांनीही तेच करावे. त्याखाली पस्तीस जणांनी अंगठे उंचावलेले पाहिले आणि माझी झोप उडाली, म्हणून हे लांबलचक उत्तर.

कार्ड चांगले आहे, याबद्दल माझा वाद नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतात, आणि जुना मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी पहिल्या दिवसापासून मिळतात. परंतु घरातील पतिपत्नी दोघेही सत्तरीपार असतील, तर ते ५ लाख दोघांत मिळून आहेत. रुग्णालयातून घरी आल्यावर १५ दिवसांपर्यंतचा खर्च योजनेत धरला जातो. सोळाव्या दिवसापासूनची औषधे आणि दरमहाच्या गोळ्या आपल्याच खिशातून.

खरा मुद्दा मात्र त्या सद्गृहस्थांनी स्वतःच खाली लिहून ठेवला आहे: त्यांची पॉलिसी दोघांची होती आणि त्यांच्या सौभाग्यवती ६६ वर्षांच्या आहेत. म्हणजे स्वतःसाठी छत्री मिळाली म्हणून यांनी बायकोच्या डोक्यावरची काढून घेतली. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यास वयाची अट उरलेली नाही हे खरे, पण आधीपासूनच्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत ताटकळावे लागू शकते. अठरा वर्षांची पुण्याई एका फटक्यात गेली.

दांडिया बाजार ७२

तो सद्गृहस्थ मीच. माझ्या पत्नीची काळजी आपण वाहू नये, ही नम्र विनंती.

मी खासगी कारखान्यातून निवृत्त झालो. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत, पेन्शन किती मिळते, हे सरकारी पेन्शन आणि महागाईभत्ता घेणाऱ्यांना सांगून कळत नाही. २०१४ पासून किमान रक्कम महिना १००० रुपयांवर अडकली आहे आणि माझी त्याच्या फार पुढे नाही. यंदाचा हप्ता माझ्या वर्षभराच्या पेन्शनहून मोठा होता. अठरा वर्षांत एकदाच दावा केला, मोतीबिंदूचा. कंपनीने ‘वाजवी खर्च’ असा शब्द वापरून निम्मी रक्कम कापली आणि मी तीन महिने पत्रे लिहीत बसलो. आपण हप्ता भरू शकता, आपण भरा.

निवृत्त बँकवाला

हप्त्यावर दांडिया बाजार यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. आम्हा बँक निवृत्तांसाठी २०१५ मध्ये सामूहिक पॉलिसी आली, पण नोकरीत असलेल्यांचा हप्ता बँक भरते आणि आमचा आम्ही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी विचारावे, असे विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावले, तेही वैयक्तिक पॉलिसींपुरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य झाला, तोही वैयक्तिक पॉलिसींवरच. आणि ज्या पेन्शनमधून हा हप्ता जातो, ती १९९५ च्या नियमांची पेन्शन अद्ययावत करण्याची आमची मागणी आजही…

रावपुऱ्याचा पेन्शनर

बँकवाले साहेब, पेन्शन अपडेशनचा विषय आपण मागच्या तिन्ही धाग्यांत मांडला आहे. येथे विषय पॉलिसीचा आहे.

मांजलपूरची सून

काका, भांडण चालू द्या, पण माझी अडचण वेगळी आहे. सासूबाईंचे खरे वय ७३ असून आधारवर ६८ आहे. केंद्रावरील मुलाने त्यांचे आधार पाहिले, पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, “माजी तो हजी नाना छे,” म्हणजे आजी तर अजून लहान आहेत. सासूबाई घरी येईपर्यंत हसत होत्या, मला मात्र रडू येत होते, कारण गुडघ्याची शस्त्रक्रिया कार्डावर करायची असे ठरले होते. जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि ती संधी आम्ही काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका चुकीच्या कागदावरून वाया घालवली आहे.

घडियाळी पोळ

१ जून ना? आमच्या वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला. मास्तरांनी एकेकाचे दात पाहून वर्ष ठरवले असावे.

निवृत्त बँकवाला

हसण्यावारी नेऊ नका. शाळेत वय दोन-तीन वर्षे कमी लावून ज्यांनी तेवढीच वर्षे अधिक नोकरी केली, पगार घेतला आणि बढत्या घेतल्या, त्यांना आता अचानक खरे वय आठवू लागले आहे. तेव्हा कागद खरा होता, तर आताही तोच खरा मानावा. दोन्ही हातांनी लाडू खाता येत नाहीत.

मांजलपूरची सून

माझ्या सासूबाईंनी एक दिवसही नोकरी केली नाही. त्यांनी तीस वर्षे पापड लाटले आणि बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की यंत्रावर अंगठा उमटत नाही; त्या दिवशीसुद्धा पाच वेळा प्रयत्न करून शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवावी लागली. त्यांनी कोणता लाडू खाल्ला, तेवढे सांगा.

घडियाळी पोळ

बँकवाले साहेब, आपण स्वतः नक्की कोणत्या महिन्यात जन्मलात?

निवृत्त बँकवाला

जूनमध्ये. पण खरोखरच जूनमध्ये, आईने सांगितले होते, पहिला पाऊस पडला होता. असो. सूनबाई, माझा रोख तुमच्या सासूबाईंवर नव्हता. लागले असेल तर शब्द मागे घेतो. नोकरदारांबद्दल म्हटले ते मात्र मागे घेत नाही.

प्रतापनगरकर

तारखेवरून वीस प्रतिसाद झाले, पण आपण गुजरातेत राहतो हे कोणालाच आठवले नाही, याचे नवल वाटते. आपल्याकडे २०१२ पासून राज्य सरकारची मा ही मोफत उपचारांची योजना होती, ती आता केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडून पीएमजेएवाय-मा म्हणून चालते, आणि तिच्यात वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असलेल्या ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाच्या दाखल्यावर कार्ड मिळते. त्यासाठी सत्तरीची वाट पाहावी लागत नाही. जुलै २०२३ पासून तिची मर्यादाही कुटुंबामागे १० लाख आहे. सूनबाई, उत्पन्न बसत असेल तर तारखेचा नाद सोडा आणि दाखल्याच्या मागे लागा. यादीतील रुग्णालयाने वर पैसे मागितले, तर १४५५५ वर तक्रार करता येते.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी एवढेच: सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आणि पेन्शनरांची आरोग्य योजना) आणि वय वंदना यांपैकी एकच निवडावे लागते. १२० महिन्यांची वर्गणी एकरकमी भरून ज्यांनी सीजीएचएसचे आजीव कार्ड घेतले आहे, त्यांनी घाईने अंगठा उमटवू नये. खासगी पॉलिसी मात्र वय वंदनाबरोबर ठेवता येते.

दांडिया बाजार ७२

वाचलेत ना, रावपुरेकर? पत्नी ६६ वर्षांची, आमचे उत्पन्न ६ लाखांच्या कितीतरी खाली. छत्री कोणी काढून घेतली नाही. उलट आपण १० लाखांची मोठी छत्री सांगितलीच नाहीत.

रावपुऱ्याचा पेन्शनर

मान्य. हे माझ्या ध्यानात आले नव्हते, आणि माझ्या अर्ध्या उत्तरातील हवा त्यामुळे गेली. आपल्याला आनंद झाला असेल, तो पुरेसा उपभोगून झाला की एक सांगा: त्यांचे मा कार्ड काढले आहे काय? नसेल, तर आज मध्यरात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले तर आपण खिडकीवर काय दाखवणार? माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत हेच झाले. पात्रता होती, कार्ड नव्हते. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीसमोर पुतण्या एका हातात रेशनकार्ड आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन रात्री अकरापर्यंत उभा होता, आणि शेवटी भरतीची रक्कम वहिनींच्या पाटल्यांतून उभी राहिली.

आणखी एक. वार्षिक हप्त्याला मुदत संपल्यावरही ३० दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत संरक्षण नसते, पण हप्ता भरला तर जुनी वर्षे बुडत नाहीत. आपली मुदत कोणत्या तारखेला संपली?

दांडिया बाजार ७२

बारा दिवसांपूर्वी.

रावपुऱ्याचा पेन्शनर

म्हणजे अठरा दिवस हातात आहेत. दाखला आणि कार्ड त्याआधी मिळाले, तर खुशाल सोडा. मी पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही.

घडियाळी पोळ

या शेवटच्या वाक्याचा फोटो काढून ठेवला आहे.

दांडिया बाजार ७२

हा धागा सौभाग्यवतींनी सकाळीच वाचला. छत्रीची उपमा त्यांना फार आवडलेली दिसते, कारण चहा अजून मिळालेला नाही. सोमवारी मामलतदार कचेरीत जाऊन दाखल्याचा अर्ज देतो. अठराव्या दिवसापर्यंत कार्ड आले नाही, तर पॉलिसी फक्त तिच्या एकटीच्या नावाने पुढे चालू ठेवता येते का, हे कंपनीला विचारतो. तसे झाले तर हप्ताही उतरेल. रावपुरेकरांच्या सांगण्यावरून हे करत आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

मांजलपूरची सून

काका, सोमवारी मीही तेथेच येणार आहे. अर्जासोबत कोणते कागद लागतात, ते आधी पोहोचलात तर येथे लिहा.