थेस्सलोनिकीला अर्धा दिवस पुरत नाही

ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहराला अर्धा दिवस पुरतो, समुद्रकाठचा व्हाइट टॉवर हा जुना बुरूज पाहिला की ते संपलं, हे तुमचं मत अजिबात पटलं नाही. रोटोंडा चुकवू नका. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट गॅलेरियसने बांधलेली ही गोल वास्तू पुढे चर्च झाली, मग मशीद. मिनार अजून शेजारी उभा आहे. आत मान वर करून जरा थांबा. डोळे सरावले की घुमटाच्या कडेचं सोनेरी मोझेक उजळायला लागतं.

मग चढ चढून आनो पोलीला, म्हणजे शहराच्या वरच्या जुन्या भागात जा. १९१७ च्या आगीतून हा भाग वाचला, म्हणून पुढे आलेल्या सज्जांची जुनी घरं इथेच दिसतात. हवा स्वच्छ असेल तर आखातापलीकडे ऑलिंपस पर्वतही दिसतो. आणि निघताना गरम बुगात्सा (सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ) खाच, वर पिठीसाखर-दालचिनी भुरभुरलेला!