मेडिनिलाच्या कळ्या गळताहेत, पानं पिवळी पडताहेत, इंदूरात कोणी जगवलंय का हे झाड?

सुदामानगरची_बाग
नमस्कार, मार्चमध्ये सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मेडिनिला मॅग्निफिका आणलं, गुलाबी झुंबरं लटकावीत तशी फुलं, त्यांना इतकं आवडलं की सकाळचा चहा त्या झाडाशेजारीच बसून घ्यायला लागल्या. नर्सरीवाला म्हणाला "मॅडम, रोज पानी डालना, बस", मी तसंच करत गेले. पंधरा दिवसांनी ह्यांनी ते मोठ्या कुंडीत लावलं, आपली काळी माती आणि शेणखत घालून. आता निम्म्या कळ्या गळाल्या, खालची चार-पाच पानं पिवळी आणि वरच्यांच्या कडा करपल्यात. कुंडी जिन्यात आहे, दुपारी दोन तास ऊन लागतं. प्लीज "दुसरं आणा" नका सांगू, त्या रोज विचारतात काय झालं म्हणून.

गच्चीवरचा_माळी
ताई आधी ती काळी माती काढा, आजच्या आज. हे जमिनीतलं झाड नाहीच, फिलिपिन्सच्या डोंगरातल्या जंगलात मोठ्या झाडांच्या बेचक्यात वाढतं, आपल्या ऑर्किडसारखं, त्या झाडाचा रस वगैरे काही पीत नाही, नुसतं त्याच्यावर राहतं. पाऊस पडतो, मुळं भिजतात आणि लगेच निथळून वारा लागतो. आणि आपली माळव्याची माती म्हणजे पाणी धरून बसणार, वाळली की दगड, भेगा. गव्हा-सोयाबीनला सोनं आहे पण ह्याची मुळं त्यात गुदमरून कुजतात, आणि वरून तुमचं रोजचं पाणी.

हळूच उपटून बघा. मुळं ताठ असतील तर ठीक, काळी लिबलिबीत झालेली असतील तेवढी स्वच्छ कात्रीने कापा. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा लाकडी कोळसा, पाइनची साल मिळाली तर ती, थोडं परलाइट (नर्सरीत पांढरे हलके दाणे मिळतात ते), आणि मोठी कुंडी नको, मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या. पाणी बोट घालून बघून घालायचं, वरचा इंचभर कोरडा लागला तरच, मग भरपूर, आणि बशीत साचलेलं ओतून द्यायचं. मुळं सावरेपर्यंत खत बिलकुल नाही.

राजवाडा_ते_राऊ
माझ्याकडे तिसरं वर्ष आहे म्हणून सांगते, माती बदलून अर्धंच काम होईल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि हवा अगदी कोरडी, त्या झाडाला सवय ओल्या हवेची, तुमच्या पानांच्या कडा त्यानेच करपल्यात, त्यात दुपारचं ऊन. उजेड हवा पण थेट ऊन नको. मी उन्हाळाभर कूलरच्या खोलीत ठेवते, झोताच्या समोर नाही, बाजूला, खाली खड्यांचा ट्रे आणि त्यात पाणी, कुंडीचं बूड पाण्यात बुडायला नको. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवून घाला, माझ्याकडे त्याने खूप फरक पडला. थंडीत रात्रीचा पारा १५ च्या खाली चालला की घरात घ्या, पण दिवाळीनंतर काही आठवडे १६-१८ ची थंड रात्र आणि कमी पाणी मिळालं की कळ्या धरतात, इंदूरची ती हवा ह्याला मानवते. आणि एक, कळ्या आल्यावर कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही. तुमच्या कळ्या त्यातही गळाल्या असतील, नर्सरीतून घर आणि मग नवीन कुंडी, एका महिन्यात दोन धक्के बसले बिचारीला.

वनस्पती_मास्तर
दोघांचंही बरोबर आहे. थोडी ओळख करून देतो, मी बॉटनी शिकवायचो. तुम्हाला जी गुलाबी झुंबरं दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, ती सहपत्रं, म्हणजे फुलांजवळची रंगीत पानंच, खरी फुलं त्यांच्या खाली बारीक मण्यांसारखी लटकतात. नाव पडलं होसे दे मेदिनिया इ पिनेदा ह्यांच्यावरून, १८२० च्या सुमारास ते मारियाना बेटांचे स्पॅनिश गव्हर्नर होते. मादागास्करपासून फिजीपर्यंत ह्याच्या जाती आहेत. फिजीच्या तावेउनी बेटावरची तागीमौसिया ही ह्याचीच बहीण, तिकडे ती मुलीच्या अश्रूंतून उगवली अशी गोष्ट सांगतात. आणि ही आपल्याला अगदी परकी नाही हो, महाबळेश्वर-माथेरानला निळ्या फुलांनी भरलेली अंजनी बघितली असेल ना, तिचंच कूळ, आणि दक्षिणेकडे केरळच्या सह्याद्रीत खुद्द मेडिनिलाच्याही जाती आहेत.

सुदामानगरची_बाग
खूप आभार सगळ्यांचे, आत्ताच उपटून बघितलं, निम्मी मुळं काळी निघाली पण मधली ताठ आहेत. ह्यांनी स्वतः बसून कात्रीने साफ केली, त्यांनाच जास्त वाईट वाटतंय. सोडणाचे तुकडे घरीच करतोय, देवापुढे फोडलेल्या नारळांची सोडणं मावशींनी जपून ठेवलीयेत. ते आधी भिजवून धुवावे लागतात का?

गच्चीवरचा_माळी
हो, दोन-तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, तपकिरी पाणी निघायचं थांबलं की वापरा. तोपर्यंत मुळं ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा किडा दिसतोय का तेही बघून घ्या.